बेंबळेकाठी एस्तेरो

जानेवारीतली सकाळ. बाभुळगाव तालुक्यात खडक सावंग्याला अडवलेल्या बेंबळेचं पाणी मागे दूरवर पसरलंय, आणि आता ते उतरतंय. त्यानं सोडलेली पट्टी समोर उघडी पडली आहे. वरच्या अंगाला तडकलेला गाळ आणि त्यात पेरलेला हरभरा. खाली बेशरमाची झुडपं. त्याच्याही खाली नुसता काळा, चकाकणारा गारा. त्यातून लांब लाल पायांचे शेकाटे चोची खुपसत चाललेत. पाणी नेमकं कुठे सुरू होतं, हे बोट दाखवून सांगता येत नाही.

भाची धुऱ्यावर बसली आहे, मांडीवर वही, हातात मोबाइल. नागपुरात कॉलेज सांभाळून ती स्पॅनिश शिकते. आज पाणथळ जागांचे शब्द चाललेत. ‘उमेदाल’ सोपा. १९७१ साली इराणमधल्या रामसर गावी पाणथळींचा करार झाला, त्याच्या स्पॅनिश मसुद्यात हाच शब्द आहे. आपल्याकडे अहवालात ‘पाणथळ क्षेत्र’ असतं तसा. छळतोय तो ‘एस्तेरो’. अर्जेंटिनात इबेराचे एस्तेरो म्हणजे गवताझाडोऱ्यानं भरलेली अफाट दलदल. डोंगर ओलांडून चिलीत उतरलं की एस्तेरो म्हणजे ओढा. इक्वादोरमधल्या ग्वायाकील शहरात भरती-ओहोटीचं खारं पाणी आत घेणारा फाटा, तोही एस्तेरोच.

“म्हणजे खाडी?” मी विचारतो.

“खाडी, नाला, दलदल, सगळंच! पेपरात काय लिहू, मामा?”

अ‍ॅपात मात्र सगळ्या शब्दांना एकच चित्र आहे: हिरवं पाणी आणि एक बगळा. चित्र काढणाऱ्यानं कोणाचं वावर बुडताना पाहिलेलं नसावं.

थर्माकोलच्या तराफ्यावरून एक काकाजी काठाला लागतात, जाळं झटकतात, गुडघाभर गाऱ्यातून वर येतात.

“काय लिवतं वं माय?”

“काकाजी, तुम्ही आत्ता ज्यातून आले त्याले काय म्हणता?”

“गारा. दुसरं काय म्हणन?”

“अन् तो हरभरा हाय ते?”

“गाळपेर.”

“अन् वावरात पाणी मुरतच नाही, तसंच राह्यते, ते?”

“ते चिबड.” जाळ्यावरचा त्यांचा हात थांबतो. नाल्याकाठी त्यांचं थोडं वावर आहे. औंदाच्या पावसात तिथली कपाशी उभ्यानं पिवळी पडली. मासेमारी पोटापुरती; हिशोब सगळा त्या वावराचा.

वहीत आता दोन रकाने झालेत. मी त्यात भर घालतो: भंडारा-गोंदियाकडची भाताला पाणी देणारी बोडी, कोकणातलं खाजण, गोव्यात खाजनात शिरणारी भरती अडवणारी मानस. गोंदियाचं माणूस बोडीबद्दल मायेनं बोलतं, आमच्याकडे चिबड म्हणताना तोंड वाकडं होतं. साचलेलं पाणी भाताला हवं असतं, कपाशीला नको असतं, एवढाच तो फरक.

“हे ऐक,” ती म्हणते. ‘पान्तानो’ म्हणजे दलदल. पण स्पेनमधली माणसं बोलताना धरणाच्या जलाशयालाही पान्तानोच म्हणतात. मला हा शब्द एकदम पटतो. इथं समोर दोन्ही एकमेकांत मिसळून पडलेत. पेरू-बोलिव्हियाच्या उंच पठारावर लामा नि अल्पाका चरतात ती ओली कुरणं म्हणजे ‘बोफेदाल’, हे ती भराभर उतरवून घेते. ‘बान्यादो’पाशी मात्र थांबते. नदीकाठची सखल, पाण्याखाली जाणारी जमीन. पाराग्वायच्या राजधानीत, आसुन्सिओनला, नदीलगतच्या गरीब वस्त्यांचं नावच बान्यादो आहे. नदी फुगली की तिथल्या लोकांना बिऱ्हाड उचलावं लागतं.

हे सगळं ती काकाजींना वऱ्हाडीत सांगते. ते लक्ष देऊन ऐकतात.

“मंग थो आपल्या चिबडाचा भाऊच म्हन की! अन् त्याचा मोबदला भेटते का तिकडं? त्याले काय म्हनते?”

ती शोधते. शब्द सापडतो, उच्चार मात्र दोन निघतात: लॅटिन अमेरिकेत ‘इन्देम्निसासिओन’, माद्रिदकडे ‘इन्देम्निथाथिओन’. काकाजी पहिला म्हणून पाहतात, अर्ध्यात अडकतात, पुन्हा लागतात, मग हसत जाळं खांद्यावर टाकतात.

“एवढा लांब शबुद हाय, म्हंजे तिकडंही लवकर भेटत नसन.”