नळी कशाची?

तळोजा औद्योगिक वसाहतीतून माल भरून निघालेला माझा ट्रक बोरघाट चढताना तापला. कूलंटची गंजलेली नळी बदलताना मी स्वस्तातला जीआय पाइप बसवला होता. चूक तिथेच झाली. पाइपवरच्या जस्ताच्या लेपाचे कूलंटमधल्या ग्लायकॉलशी जमत नाही. जस्त सुटून गाळ होतो आणि रेडिएटरच्या बारीक नळ्या तुंबतात. तांबेही नको, त्याचे विरघळलेले कण ॲल्युमिनियमच्या भागांवर बसून ते पोखरतात. आता लांब, सरळ भागाला मी स्टेनलेस स्टील वापरतो आणि इंजिन हादरते तिथे ईपीडीएम रबर. मात्र या रबराला तेल लागू देऊ नये, ते फुगते. नळीची मजबुती पाहावीच; पण तिच्यातून काय वाहणार, ते आधी पाहावे.