नावं न मावलेली भिंत

कुलाब्याला नेव्हीनगरच्या बाजूला जाणाऱ्या बसमधून उजव्या-डाव्या हाताला झाडी लागते, आणि त्या झाडीतून एक उंच, निमुळता, करड्या-पिवळसर दगडाचा मनोरा वर आलेला दिसतो. मुंबईकर त्याला ‘अफगाण चर्च’ म्हणतात. दप्तरी नाव सेंट जॉन द इव्हँजेलिस्ट. मुंबईत राहूनही कित्येक वर्षं मी हा मनोरा बसमधूनच पाहिला. आत गेलो तो वेगळ्याच कारणाने. कोरेगाव भीमाच्या स्तंभावरच्या नावांविषयी टिपणं काढत होतो, तेव्हा एका मित्राने सुचवलं, “मग कुलाब्याचंही बघून ये. तिथं उलटा प्रकार आहे.”

उलटा प्रकार म्हणजे काय, ते सांगण्याआधी इमारतीकडे नीट बघायला हवं.

पहिलं इंग्रज-अफगाण युद्ध १८३८ ते १८४२ या काळात झालं. मुंबईच्या लष्कराची फौज सर जॉन कीन यांच्या हाताखाली समुद्रमार्गे सिंधला उतरली आणि तिथून वर चढली. २३ जुलै १८३९ रोजी गझनीचा किल्ला पडला. पुढच्याच वर्षी कहानच्या गढीत पाचव्या नेटिव्ह इन्फंट्रीच्या शिपायांनी महिनोन्‌महिने वेढा सोसला. शेवट मात्र वाईट झाला. जानेवारी १८४२ मध्ये काबूलहून माघार घेणारी इंग्रजांची फौज, तिच्याबरोबरच्या बाजारबुणग्यांसकट, बर्फात आणि खिंडींत जवळजवळ नाहीशी झाली. हरलेल्या मोहिमेचं स्मारक उभारणं साम्राज्यांना सहसा आवडत नाही. इथे ते उभारलं गेलं, आणि तेही देवळाच्या रूपात.

पायाभरणी ४ डिसेंबर १८४७ रोजी झाली. आराखड्यासाठी आधी ऑक्सफर्डच्या स्थापत्य मंडळाकडे शब्द टाकला होता. तिथल्या जॉन डेरिक यांनी काढलेलं चित्र देखणं होतं, पण खर्चाला परवडेना. शेवटी काम आलं हेन्री कॉनिबिअर यांच्याकडे. मला या माणसाविषयी विशेष कुतूहल वाटतं, कारण मुंबईला पहिलं तलावाचं पाणी देणारी विहारची योजना त्याचीच. एकीकडे शहराची तहान आणि गटारं, दुसरीकडे तेराव्या शतकातल्या इंग्लंडचं देऊळ, अशी दोन्ही कामं एकाच टेबलावर चाललेली असणार.

तेराव्या शतकातलं, हा शब्द मुद्दाम वापरला. त्या काळात इंग्लंडमध्ये एक मोठी खळबळ चालू होती. १८३९ साली केंब्रिजच्या काही तरुणांनी मंडळ स्थापून चर्च कसं असावं याचे नियम घालून द्यायला सुरुवात केली होती. ग्रीक खांबांची, सभागृहासारखी चर्चं त्यांना नकोशी झाली. त्यांना हवं होतं मध्ययुगीन गावातलं चर्च: टोकदार कमानी, भाविक बसतात तो लांब भाग, त्याहून वेगळा ओळखू येणारा पूर्वेकडचा वेदीचा खोल भाग, रंगीत काचा आणि वर आभाळात गेलेला मनोरा. मुंबईत १७१८ साली उघडलेलं फोर्टमधलं सेंट थॉमस आणि हे चर्च यांत फरक दिसतो तो या चळवळीमुळे. नव्या नियमांनी बांधलेली मुंबईतली ही पहिली मोठी इमारत. मुंबईचं गॉथिक म्हटलं की आपण व्हीटी आणि राजाबाई टॉवरकडे धावतो, पण त्यांच्या कितीतरी आधी हे काम उभं होतं.

दोघांत एक मजेदार भेद आहे. राजाबाई टॉवरच्या इमारतीचं गॉथिक मुंबईच्या उन्हापावसाला सरावलेलं आहे. त्यात सज्जे आहेत, उघडे व्हरांडे आहेत. अफगाण चर्चला यातलं काही सुचलेलं नाही. भिंती कुर्ल्याच्या दगडाच्या. खांब आणि कमानी पोरबंदरी दगडाच्या. म्हणजे सामान सगळं इथलं, पण अंग चोरून उभी राहण्याची रीत मात्र इंग्लंडच्या थंडीतली. मे महिन्यात दुपारी आत बसून पाहिलं. उंच छतामुळे डोक्यावर थोडा थंडावा राहतो, खाली घामाच्या धारा लागतात. पोरबंदरी दगड कोरायला मऊ, पण सच्छिद्र. समुद्राच्या वाऱ्यातलं मीठ त्यात शिरतं, सुकताना फुगतं आणि कडा उकलतात. कोरीव कामाच्या दृष्टीने निवड योग्य होती, जागेच्या दृष्टीने फारशी नाही.

आतली फरशी, वेदीजवळची जाळी, बाकं यांमागे विल्यम बटरफील्ड यांची दृष्टी आहे. लंडनमध्ये बसून समुद्रापलीकडच्या चर्चची चित्रं काढणारा हा कडक शिस्तीचा वास्तुकार. मेलबर्नच्या कॅथीड्रलचा आराखडाही त्याने तसाच, तिथे न जाता केला. खिडक्यांच्या काचा न्यूकॅसलच्या विल्यम वेल्स यांच्या. संध्याकाळी पश्चिमेच्या खिडक्यांतून निळा-तांबडा उजेड फरशीवर सांडतो. तेवढ्या अर्ध्या तासासाठी तरी तिथे जावं.

७ जानेवारी १८५८ रोजी बिशप हार्डिंग यांनी चर्चची प्रतिष्ठापना केली, तेव्हा उत्तरेत बंड अजून शमलेलं नव्हतं. बाकांना बंदुका टेकवण्यासाठी खाचा आहेत, त्या या भीतीची आठवण देतात. मीरतला ठिणगी पडली तो रविवार होता. मनोरा मात्र पैशाअभावी अडला. तो पुरा झाला जून १८६५ मध्ये, १९८ फूट उंचीचा. कावसजी जहांगीर रेडीमनी यांनी त्यासाठी साडेसात हजार रुपये दिले. एका पारशी सावकाराच्या पैशांतून ख्रिस्ती देवळाचा कळस चढावा, ही खास मुंबईची गोष्ट. कापसाच्या सट्ट्याची मुंबई १ जुलैला कोसळली. मनोरा जेमतेम आधी उभा राहिला असं म्हणायचं. पुढे बंदरात येणाऱ्या जहाजांना तो लांबून खुणेसारखा उपयोगी पडू लागला.

आता त्या ‘उलट्या प्रकारा’कडे येतो. वेदीच्या भागात अधिकाऱ्यांची नावं कोरलेली आहेत. खाली अर्पणलेख आहे. त्याचा आशय असा: वर ज्यांची नावं लिहिली आहेत त्या अधिकाऱ्यांच्या, आणि तलवारीने किंवा आजाराने मेलेल्या, अशी नोंद करता येणार नाही इतक्या मोठ्या संख्येच्या साध्या शिपायांच्या स्मरणार्थ.

संख्या फार होती, म्हणून नावं नाहीत. वाक्य सभ्य आहे, दुःखही खरं असेल. पण मी ज्या स्तंभाच्या टिपणांतून उठून आलो होतो, त्याचा पाया २६ मार्च १८२१ रोजी घातला गेला. त्याच कंपनी सरकारने, त्याच मुंबई लष्करासाठी तो उभारला, आणि त्यावर पडलेल्या शिपायांची नावं आहेत. त्यांत शेवटी ‘नाक’ असलेली बावीस नावं आहेत. इंग्रजांना महार शिपायाचं नाव दगडात कोरता येत होतं, याचा तो पुरावा. मग कुलाब्यात ते का सुटलं? मृतांची संख्या मोठी होती, हे कारण पूर्ण खोटं नाही. कोरेगावात पडलेले मोजता येतात, अफगाण मोहिमेत आजाराने गेलेले मोजणं अवघड. पण अधिकाऱ्यांची नावं मात्र मावली. गोऱ्या शिपायांचीही मावली नाहीत, हे प्रामाणिकपणे नोंदवायला हवं. इथे फळी रंगाइतकीच हुद्द्यानेही पाडली होती.

मुंबईच्या पलटणींत कोकणातले, देशावरचे पुष्कळ लोक होते. त्यांच्यातला कुणी बोलन खिंडीत तापाने गेला असेल, तर त्याची बातमी घरी पोहोचायला किती महिने लागले असतील? रत्नागिरीकडच्या गावात ती कुणी वाचून दाखवली असेल? चर्चच्या भिंतीवर याचं उत्तर मिळणार नाही, हे मला ठाऊक होतं. तरी मी त्या अधिकाऱ्यांच्या यादीखालची दगडाची कोरी जागा बोटांनी चाचपून पाहिली. ती पुरेशी रुंद आहे.

बाहेर आलो तेव्हा राखणदाराने विचारलं, “कुणाचं नाव सापडलं का?” लोक इथे इंग्लंडहून पणजोबांची नावं शोधत येतात, म्हणून त्याला सवय होती. मी नाही म्हटलं. “बरेच जण तसेच जातात,” तो म्हणाला आणि दार ओढून घेऊ लागला.