उरलेल्या गोळ्यांचा डबा

गेल्या वर्षी मे महिन्यात स्वयंपाकघरातलं वरचं कपाट आवरायला घेतलं, तेव्हा मागच्या कोपऱ्यात एक स्टीलचा डबा सापडला. आजूबाजूला मुंग्यांची रांग. झाकण उघडलं तर आत मुलांच्या ईदच्या गोळ्या! चॉकलेटं वितळून कागदाला चिकटलेली, संत्र्याच्या गोळ्यांचा एकच गोळा झालेला आणि तळाशी गाठीचे दोन तुकडे. गेल्या वर्षी ३० मार्चला गुढीपाडवा होता आणि ३१ मार्चला ईद. पाडव्याला शेजारच्या काकूंनी दोन्ही मुलांच्या गळ्यात गाठी घातल्या होत्या. दुसऱ्या दिवशी ईदगाहवरून आल्यापासून संध्याकाळपर्यंत खाला, फुफू, मामू, सगळ्यांनी ईदीच्या नोटांसोबत मूठ-मूठ गोळ्या दिल्या. दात किडतील म्हणून मीच तो डबा वर ठेवून दिला होता. वर ठेवला आणि विसरले.

डबा कचऱ्यात रिकामा करताना आठ वर्षांचा धाकटा शेजारी उभा होता. तो म्हणाला, "अम्मी, मावशीच्या मुलीला दिल्या असत्या तर?"

मी म्हटलं, "दिल्या होत्या ना रे ईदच्या तिसऱ्या दिवशी."

"त्या तर मला न आवडणाऱ्या होत्या. तूच वेचून काढल्या होत्या."

खरं होतं. आमच्याकडे भांडी घासायला येणाऱ्या मावशींच्या मुलीला मी एक पिशवी दिली होती. त्यात खोकल्याच्या गोळीसारख्या लागणाऱ्या गोळ्या, चुरगळलेल्या कागदाची चॉकलेटं, जे घरात कुणी खात नव्हतं ते सगळं. वाटलं होतं, वाया जाण्यापेक्षा बरं. मुलाने ते पाहिलं, लक्षात ठेवलं आणि मला त्याचा पत्ताही नव्हता.

संध्याकाळी सासूबाईंना सांगितलं. त्या रागावल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "फितरा कधी देतो आपण? नमाजच्या आधी की शिरखुर्मा खाऊन झाल्यावर?"

ज्या वाचकांना फितऱ्याची माहिती नसेल त्यांच्यासाठी सांगते. ऐपत असलेल्या मुसलमानाने ईदच्या नमाजला जाण्याआधी फितरा द्यायचा असतो, स्वतःचा आणि घरातल्या लहान लेकरांचाही. अगदी रमजानच्या शेवटच्या दिवशी जन्मलेल्या तान्ह्या बाळाचासुद्धा. गहू असेल तर अर्धा साअ, खजूर किंवा जव असेल तर एक साअ, असं त्याचं जुनं माप आहे. आता बहुतेक लोक तेवढ्या धान्याची किंमत देतात. यामागचा हेतू सरळ आहे : गरिबाच्या घरीही त्याच सकाळी चूल पेटावी, त्याच्याही मुलांची ईद व्हावी. म्हणून हा वाटा आपलं खाऊन झाल्यावर उरलेल्यातून निघत नाही, आधी निघतो. आणि जे डोळे मिटल्याशिवाय आपण स्वतः घेणार नाही, असं निकृष्ट दुसऱ्याला देऊ नये, हे तर कुराणातच बजावलेलं आहे.

गोळ्या म्हणजे फितरा नव्हे, हे उघड आहे. पण देण्याची रीत मूल घरातच शिकतं. नको असलेलं दुसऱ्याला देणं म्हणजे दान, असं त्याच्या मनात बसलं, तर मोठेपणी तो हजार रुपये देईल तेव्हाही फाटकी नोटच शोधेल.

म्हणून यंदा आमच्या घरी डबा ईदच्या आधी बाहेर आला आहे. यंदा पाडवा १९ मार्चला आहे आणि चंद्र दिसला की पाठोपाठ ईद. ठरलं असं : ईदच्या संध्याकाळी सगळ्या गोळ्या चादरीवर ओतायच्या. पहिला वाटा देण्याचा आणि तो मुलांनीच काढायचा. अट एकच, त्यात आपल्या आवडीच्या गोळ्या असल्याच पाहिजेत. धाकट्याने दोन मिनिटं विचार केला आणि म्हणाला, "काजूवालं चॉकलेटपण?" मी म्हटलं, "तेच तर." तो अजून पूर्ण राजी नाही. पण गप्प बसून हिशेब करतो आहे, हेही कमी नाही.

आता थोडं कामाचं. गोळ्या वाटताना पाकिटावरची खूण बघा. आपल्या गावात एकाच गल्लीत नमाजही होते आणि आरतीही. शिरपूर जैन आपल्याच तालुक्यात आहे. जेलीसारख्या मऊ गोळ्यांत कधी कधी जिलेटिन असतं आणि ते जनावरांच्या हाडा-कातड्यापासून बनतं. ते हलाल आहे की नाही, हा आमच्या घरी प्रश्न, तर शाकाहारी शेजाऱ्यांना ते मुळातच चालत नाही. चौकोनातला हिरवा ठिपका असलेली गोळी घेतली की कुणाच्याच घरी अडचण येत नाही. तीन-चार वर्षांच्या आतल्या लेकरांना कडक गोळी देऊच नका, घशात अडकते.

चॉकलेटवर पांढरट थर दिसला तर ती बुरशीच असेल असं नाही. उष्णतेने आतलं लोणी वर येऊन पुन्हा थिजतं. तारीख गेली नसेल आणि वास बरा असेल तर ते खाता येतं. पण असं चॉकलेट दुसऱ्याला देऊ नका, घरच्या दुधात विरघळवा. आपल्याकडे मार्च संपता संपता जो उन्हाळा तापतो, त्यात कपाटातलं चॉकलेट टिकत नाही. द्यायचं ते पहिल्या दोन-तीन दिवसांतच द्या. खव्याची मिठाई तर त्याहून आधी.

दातांचं म्हणाल, तर गोळ्या किती खाल्ल्या याइतकंच किती वेळा खाल्ल्या याला महत्त्व आहे. प्रत्येक वेळी तोंडातले जंतू साखरेचं आम्ल करतात आणि लाळेला ते धुऊन काढायला अर्धा तास तरी लागतो. दिवसभर दर तासाला एक चघळण्यापेक्षा जेवणानंतर दोन खाऊन चूळ भरलेली बरी. आणि एक धोका आपण विसरतो : मुलांचं उरलेलं 'वाया नको' म्हणून घरातली वडीलधारी माणसं संपवतात. ज्यांना शुगर आहे, त्यांच्या हाताला तो डबा लागू देऊ नका.

गाठी मात्र वाया जात नाही. ती निव्वळ साखर. पाक लाकडी साच्यात दोऱ्यावर ओतून केलेली. दोरा काढायचा, खलबत्त्यात कुटायची आणि बाटलीत भरून ठेवायची. आमच्याकडे ईदनंतर शव्वालचे सहा रोजे धरतात. त्यांच्या इफ्तारला लिंबाच्या सरबतात हीच गाठीची पूड पडते. होळी-पाडव्याची साखर आमच्या रोजाच्या ग्लासात. काकूंना हे सांगितलं, तर त्या म्हणाल्या, "मग यंदा दोन गाठी जास्त देते." उरलेली खजूर बिया काढून दुधात शिजवा, शेवया हवाबंद डब्यात ठेवा.

हा प्रश्न काही आपल्याच घरचा नाही. तुर्कस्तानात या ईदला साखरेचा सण असंही म्हणतात आणि मुलं दारोदार जाऊन गोळ्या गोळा करतात. अमेरिकेत हॅलोविननंतर काही दंतवैद्य मुलांकडून उरलेल्या गोळ्या चक्क विकत घेतात आणि त्या सैनिकांना पाठवल्या जातात. तिथेही आयांना तोच डबा छळतो.

आपल्याकडे त्यासाठी वेगळी मोहीम नको. आपल्याकडे ताट आहे. ईदला शिरखुर्म्याचं ताट रुमालाने झाकून शेजारी जातं आणि रिकामं परत येत नाही. दिवाळीला तेच ताट फराळ घेऊन आमच्याकडे येतं. यंदा त्या ताटाशेजारी एक छोटी ताटली असेल, मुलांनी भरलेली. पहिली ताटली मावशींच्या मुलीला जाणार आहे आणि ती ईदच्या संध्याकाळीच, तिसऱ्या दिवशी नाही. द्यायला मी जाणार नाही, धाकटा जाणार आहे. काजूवालं चॉकलेट त्यात असेल की नाही, ते मी बघणार नाही असं ठरवलं आहे.

सर्वांना पाडव्याच्या शुभेच्छा आणि आगाऊ ईद मुबारक.