कथलाचे शिपाई आणि इतिहासाचे रंग

मुलांच्या खेळांतला शिपाई चकचकीत आणि एकसारखा असतो. सगळ्या पलटणीचे अंगरखे एकाच तांबड्या रंगाचे, सगळ्यांचे गाल सारखेच गुलाबी. तोच शिपाई प्रौढ छांदिष्टाच्या मेजावर आला म्हणजे त्याची झडती सुरू होते. हा कोणत्या पलटणीचा? कोणत्या सालचा? त्या दिवशीं ऊन होतें कीं पाऊस? ऐतिहासिक सैनिकांच्या लहान आकृत्या रंगविण्याचा छंद कुंचल्यापासून नव्हे, या प्रश्नांपासून सुरू होतो.

या आकृत्यांचें एक जुनें माहेर म्हणजे जर्मनींतील न्यूरेंबर्ग शहर. अठराव्या शतकांत तेथील हिल्पर्ट या कारागिराच्या कथलाच्या आकृत्या नांवाजल्या गेल्या. 1839 सालीं हाइनरिक्सन यानें त्याच शहरांत कारखाना काढला. त्याच्या सुमारें 30 मिलिमीटर उंचीच्या आकृत्या पुढें प्रमाण मानल्या गेल्या. पाटीच्या दगडाच्या दोन तुकड्यांवर शिपायाच्या दोन बाजू उलट्या कोरावयाच्या, ते तुकडे जुळवून मधल्या पोकळींत कथील व शिसें यांचा रस ओतावयाचा, अशी ही रीत. निघणारी आकृति नाण्यासारखी चपटी असते. 1893 सालीं लंडनच्या विल्यम ब्रिटन यानें निराळी युक्ति काढली. साच्याला लागलेला रस थिजतांच आंतला पातळ रस ओतून टाकावयाचा; त्यामुळें शिपाई भरीव दिसे, पण आंतून पोकळ, हलका आणि स्वस्त होई.

चपट्या शिपायाला गोलाई देण्याचें काम मुख्यतः रंगाचें. उजेड एका बाजूनें, बहुधा वरून, येतो असें प्रथम ठरवावें लागतें. मग घडीच्या माथ्यावर फिकट व खोबणींत गडद छटा देऊन त्या एकमेकींत मिसळतात. तैलरंग सावकाश वाळतो, म्हणून या कामास तो विशेष सोयीचा. शुद्ध काळा रंग इतक्या लहान आकृतीवर भोंकासारखा दिसतो. त्यांत थोडा निळा किंवा तपकिरी मिसळावा लागतो. जुन्या आकृत्यांत शिसें असतें, म्हणून कुंचल्याचें टोंक ओठांनीं कधींही साधूं नये आणि काम संपतांच हात धुवावे.

परंतु खरी कसोटी ज्ञानाची. 18 जून 1815 च्या वॉटर्लूच्या लढाईंतील इंग्रज पायदळ तांबड्या अंगरख्यांचें होतें, एवढें सर्वांस ठाऊक असतें. तो तांबडा रंग मात्र एक नव्हता. साध्या शिपायाचें कापड मंजिष्ठाच्या मुळांनीं रंगविलेलें, म्हणून विटकरीकडे झुकणारें. अधिकाऱ्याचें कोचिनील किड्यांच्या महाग रंगानें झळाळणारें. दोघांना एकाच डब्यांतला रंग लावला कीं त्यांच्यामधील पगाराचें आणि दर्जाचें अंतर पुसलें जातें. शिवाय आदल्या रात्रीं मुसळधार पाऊस झाला होता व शिपाई उघड्यावर भिजले होते. त्या सकाळचा शिपाई गुडघ्यांपर्यंत स्वच्छ दाखविला, तर तो कवाइतीचा शिपाई होईल. लढाईचा होणार नाहीं.

बव्हेरियांतील कुल्मबाख येथें प्लासेनबुर्ग किल्ल्यांत अशा आकृत्यांचें मोठें संग्रहालय आहे. तेथील युद्धदृश्यें पाहणाऱ्यास सैन्य प्रथम दिसतें, माणूस मागाहून. तो माणूस दिसावा एवढ्यासाठींच तीस मिलिमीटरच्या अंगरख्यावर चिखलाचा ठिपका जपून द्यावा लागतो.