मापाची सायकल

ईद जवळ आली की तुम्ही शिंप्याकडे जाता. तो फीत घेऊन तुमच्या छातीचे, बाहीचे आणि उंचीचे माप घेतो, वहीत लिहितो आणि मग कुडता शिवतो. तो कुडता तुम्हांला नीट बसतो. तुमच्या मोठ्या भावाला बसेलच असे नाही. सायकलही अशीच माप देऊन करून घेता येते, असे मी म्हटले तर तुम्हांला खरे वाटेल का?

दुकानात मिळणारी सायकल कारखान्यात ठरावीक मापाने तयार होते. तिची सीट वर-खाली करता येते, पण फ्रेमची लांबी बदलता येत नाही. फ्रेम फार लांब असेल तर पाठ आणि खांदे दुखतात. सीट फार खाली असेल तर गुडघे दुखतात. शाळेपर्यंत जायला हे चालते. दिवसभर सायकल चालवणाऱ्याला मात्र ते सोसत नाही.

म्हणून इंग्लंड, फ्रान्स, इटली या देशांत हौशी लोक आणि शर्यतीतले खेळाडू लहानशा कार्यशाळेत जाऊन सायकल बनवून घेत. कारागीर गिऱ्हाइकाच्या पायांची, धडाची व हातांची लांबी मोजी. मग प्रश्न विचारी. सायकल शर्यतीसाठी हवी की लांबच्या प्रवासासाठी? रस्ता कसा आहे? सामान न्यायचे आहे का? उत्तरे नीट मिळाली नाहीत, तर चांगल्या कारागिराचीही सायकल चुके. आणि कुडत्यासारखी ती सहज उसवता येत नाही!

फ्रेमच्या नळ्यांची एक गंमत आहे. १८९७ मध्ये इंग्लंडमध्ये आल्फ्रेड रेनॉल्ड्स यांनी एका नव्या नळीचे पेटंट घेतले. ही नळी टोकांना जाड आणि मध्ये पातळ असते. जोर सांध्याजवळ जास्त पडतो, म्हणून तेथे जाडी हवी. मधला भाग पातळ ठेवल्याने वजन कमी होते. बाहेरून पाहिले तर नळी सारखीच दिसते, कारण फरक आतून असतो. कारागीर अशा नळ्या मापाने कापी, टोके कानशीने घासी आणि सांध्यावर पोलादाची छोटी बाही चढवी. मग ज्योतीने तापवून वितळलेल्या पितळेने सांधा भरी. आच कमी पडली तर सांधा कच्चा राही, जास्त झाली तर नळी दुबळी होई.

बेल्जियमचे प्रसिद्ध सायकलपटू एडी मर्क्स यांना १९६९ मध्ये फ्रान्समधील ब्ल्वा येथे मोठा अपघात झाला. पाठीला व कमरेला इजा झाली. तेव्हापासून ते सीटची उंची सारखी बदलून पाहत, कधी कधी चालू शर्यतीतही! पुढे त्यांनी एका तासात सर्वांत जास्त अंतर कापण्याचा विक्रम करायचे ठरवले. त्यासाठी इटलीच्या एर्नेस्तो कोलनागो यांनी त्यांना खास सायकल करून दिली. वजन कमी व्हावे म्हणून साखळीच्या कड्यांनाही भोके पाडली. सायकल भरली जेमतेम पावणेसहा किलो.

२५ ऑक्टोबर १९७२ रोजी मेक्सिको सिटीत मर्क्स यांनी तासात ४९.४३१ किलोमीटर अंतर कापले. सायकल मापाची होती, तरी उतरल्यावर त्यांना फार वेदना होत होत्या.

२००३ मध्ये ब्रुसेल्स शहरात त्यांच्या नावाचे मेट्रो स्थानक सुरू झाले. तेथे ही सायकल प्रवाशांना पाहण्यासाठी ठेवण्यात आली.