खानावळ, हिशेब आणि सातबारा

पुणे-नाशिक रस्त्यावरील चाकण हे गाव एके काळी मुख्यत्वे कांद्याच्या बाजारासाठी ओळखले जात असे. कांदा-बटाट्याची मोठी आवक तेथे आजही होते. परंतु भोवतालच्या महाळुंगे, निघोजे, खराबवाडी, कुरुळी या गावांचे रूप पार पालटले आहे. पिंपरी येथे 1954 साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स ही कंपनी स्थापन झाली, 1962 मध्ये राज्याचे औद्योगिक विकास महामंडळ अस्तित्वात आले, आणि कालांतराने कारखानदारी इंद्रायणी ओलांडून चाकणपर्यंत पोहोचली. परगावचे असंख्य कामगार येथे खोल्या घेऊन राहतात. त्यांना दोन वेळचे जेवण हवे असते, आणि डबे करून देणाऱ्यांत गावच्या स्त्रियाही आहेत.

हा धंदा पाच-सहा डब्यांनी सुरू होतो आणि पुष्कळदा वीस-तीस डब्यांपाशी येऊन थांबतो. गिऱ्हाईक मिळत नाही म्हणून थांबतो, असे नव्हे. धंद्याचा पैसा आणि घराचा पैसा एकाच डब्यात पडतो, हे त्याचे खरे कारण होय.

एक उदाहरण मांडून पाहू. समजा, एक डबा 60 रुपयांस जातो आणि रोज 30 डबे, महिन्यास 26 दिवस दिले जातात. जमा झाली 46,800 रुपये. धान्य, भाजी, तेल, गॅस व पोहोचविण्याचा खर्च डब्यास 35 रुपये धरला, तर 27,300 रुपये गेले आणि 19,500 उरले. ही सारी रक्कम कमाई समजली जाते व घरखर्चात विरून जाते. वस्तुतः बाईने स्वतःच्या श्रमाची रोज 400 रुपये मजुरी धरली पाहिजे. ती 10,400 होते. उरलेले 9,100 रुपये हा नफा होय. मोठी भांडी, कणीक मळण्याचे यंत्र, मदतनीस बाईचा पगार हे सर्व त्यातूनच निघावयाचे असते. म्हणून तो वेगळ्या खात्यात, तिच्याच नावे ठेवला जावा. स्वतःच्या कष्टाची मजुरी धरावयास स्त्रिया संकोचतात. घरच्या बाईच्या श्रमाला मोल नसते, ही जुनी समजूत त्यामागे आहे.

मुंबईच्या गिरणगावात हाच प्रश्न फार पूर्वी उभा राहिला होता. गिरणी कामगारांना जेवण घालणाऱ्या खानावळवाल्या बाया किराणा उधारीवर आणीत आणि सावकाराच्या व्याजात अडकून पडत. 1975 साली प्रेमाताई पुरव यांनी त्यांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ उभारले व राष्ट्रीयीकृत बँकेतून कर्ज मिळवून दिले. स्वयंपाक त्याच बायांचा, गिऱ्हाईक तेच. बदलला तो भांडवलाचा मार्ग.

सातारा जिल्ह्यातील म्हसवडची कथाही कार्यकर्त्यांनी गावोगाव सांगण्याजोगी आहे. तेथील स्त्रियांनी चेतना सिन्हा यांच्या पुढाकाराने बँक काढण्याचे ठरविले, तेव्हा अर्जावर सहीऐवजी अंगठे असल्याने परवाना नाकारला गेला. बायांनी अक्षरे गिरविली व पुन्हा मागणी केली. 1997 साली माणदेशी महिला सहकारी बँक सुरू झाली.

छोट्या कर्जाची अडचण आता पूर्वीइतकी राहिलेली नाही. मुद्रा योजनेत 2015 पासून विनातारण कर्जाची सोय झाली आहे. खाद्यपदार्थ विकणाऱ्या प्रत्येकीने अन्नसुरक्षा कायद्याखालील नोंदणी मात्र आधी करून घ्यावी. कारखान्याच्या उपाहारगृहाकडे माल द्यावयाचा झाल्यास पहिली विचारणा त्याचीच होते. पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेच्या पवनाथडी जत्रेत बचत गटांच्या मालास चांगले गिऱ्हाईक मिळते, हे खरे. तथापि जत्रा चार दिवसांची असते, कामगाराची भूक बारमाही. पाच-सहा जणींच्या गटाने एका उपाहारगृहास रोज भाकरी पुरविण्याचे काम लेखी ठरवून घेतले, तर ते अधिक टिकाऊ ठरेल.

मोठे कर्ज काढावयाचे म्हटले की तारणाचा प्रश्न येतो, आणि तारण म्हणजे बहुधा जमीन. कारखान्यांसाठी जमिनी गेल्या तेव्हा ज्याचे नाव सातबारावर त्यालाच मोबदला मिळाला. कांद्याची लागण, खुरपणी, काढणी ज्या हातांनी केली, त्यांचे नाव कागदावर नसल्यास त्यांना त्या पैशाबाबत विचारलेही गेले नाही.

या प्रश्नाचे एक उत्तर चाकणजवळच्या आंबेठाणातूनच निघाले. स्वित्झर्लंडमधील नोकरी सोडून शरद जोशी यांनी आंबेठाण येथे कोरडवाहू शेती केली व पुढे शेतकरी संघटना स्थापन केली. संघटनेचे महिला अधिवेशन 1986 साली चांदवड येथे भरले. त्यानंतरच्या लक्ष्मीमुक्ती कार्यक्रमात अनेक शेतकऱ्यांनी आपल्या जमिनीचा तुकडा स्वेच्छेने पत्नीच्या नावे केला. 1992 साली शासनानेही लक्ष्मीमुक्ती योजनेखाली पतीच्या हयातीत पत्नीचे नाव सहहिस्सेदार म्हणून सातबारावर लावण्याची सोय केली.

यासाठी पतीने अर्ज करावयाचा असतो. तो ग्राम महसूल अधिकाऱ्याकडे, म्हणजे लोक अजूनही ज्यांस तलाठीच म्हणतात त्यांच्याकडे, द्यावा. अर्ज देऊन घरी बसल्यास काम रेंगाळते. फेरफार मंजूर झाला किंवा नाही हे कार्यकर्त्याने स्वतः पाहावे, आणि नव्या उताऱ्यावर बाईचे नाव अचूक लिहिले आहे याची खात्री करून घ्यावी. बँकेच्या खात्यावरील नाव आणि उताऱ्यावरील नाव यांत एका अक्षराचा फरक असला, तरी कर्जाचा अर्ज परत येतो.