व्यवसायाची सामाईक वही : ब्लॉग आणि विकी

इंदूर जिल्ह्यातील देपालपूर तालुक्यात गौतमपुरा नावाचे एक लहानसे शहर आहे. सुभेदार मल्हारराव होळकर यांच्या पत्नी गौतमाबाई यांचे नाव या गावास लाभले असल्याने, माळव्यात असूनही मराठी वाचकास ते परके वाटण्याचे कारण नाही. दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी गौतमपुरा आणि शेजारचे रुणजी येथील तरुण एकमेकांवर पेटते हिंगोट फेकतात व त्या निमित्ताने वर्षातून एकदा वर्तमानपत्रांना या गावाची आठवण होते. उरलेल्या वर्षात येथील चिंता माळव्यातील, किंबहुना विदर्भ-मराठवाड्यातील कोणत्याही बाजारगावासारखीच असते : सोयाबीनला आज काय भाव निघाला, बियाणे उगवेल की नाही, आणि गेल्या वर्षी अमुक व्यवहार कोणत्या अटींवर ठरला होता.

बाजाराचे काम खबर आणि नोंद या दोन गोष्टींवर चालते. खबर वेळेवर पोहोचली पाहिजे आणि नोंद हवी तेव्हा सापडली पाहिजे. जुन्या राज्यव्यवहारात या दोहोंची सोय वेगवेगळी असे. अहिल्याबाईंच्या काळी महेश्वर दरबारातील घडामोडी पुण्यास कळविणारी बातमीपत्रे जात असत. ती पुढे छापलीही गेली. बातमीपत्र लिहिणारा एक आणि त्यावर विसंबणारे अनेक, अशी ती रीत होती. दप्तर मात्र अनेक कारकुनांच्या हातांनी वर्षानुवर्षे वाढत जाई. महाजालावर आज ज्यांना ब्लॉग आणि विकी म्हणतात, त्या साधनांची ओळख पटण्यास एवढा भेद पुरेसा आहे. ब्लॉग हे बातमीपत्र होय आणि विकी हे दप्तर होय.

येथे कोणी विचारील की, भ्रमणध्वनीवर व्हॉट्सॲपचे गट असताना या दोन साधनांची गरज काय ? प्रश्न रास्त आहे. परंतु गटावर आलेला निरोप ओढ्याच्या पाण्यासारखा पुढे जातो. मृगात आलेली बीजप्रक्रियेची सूचना पुढील वर्षी शोधू गेल्यास मध्ये शुभप्रभातीच्या शेकडो फुलांचा ढीग पडलेला असतो. शिवाय चुकीचा निरोप दुरुस्त केला, तरी मूळचा चुकीचा निरोप चार गटांत फिरतच राहतो. निरोप पोहोचविण्यास ते साधन उत्तम आहे. नोंद ठेवण्यास नाही.

ब्लॉग : एक लिहितो, अनेक वाचतात

ब्लॉग हा शब्द ‘वेबलॉग’ या शब्दाचा संक्षेप असून तो विसाव्या शतकाच्या अखेरीस रूढ झाला. मराठीत त्यास अनुदिनी असेही म्हणतात. महाजालावरील अशा पानावर नवा मजकूर सर्वांत वर येतो, प्रत्येक मजकुरावर तारीख असते, जुने लेखन खाली तसेच राहते आणि वाचकास सामान्यतः त्याखाली आपली शंका लिहिता येते. आरंभी हौशी मंडळींनी वापरलेले हे साधन व्यापारी संस्थांनी लवकरच उचलले. अमेरिकेतील सन मायक्रोसिस्टिम्स या संगणक कंपनीचे जोनाथन श्वार्ट्झ हे २००४ सालापासून स्वतः ब्लॉग लिहीत व पुढे कंपनीचे प्रमुख झाल्यावरही त्यांनी ते लेखन चालू ठेवले. जाहिरातीत कंपनी बोलते, ब्लॉगमध्ये माणूस बोलतो. म्हणून वाचक त्यावर अधिक विश्वास ठेवतो. अर्थात तो विश्वास लेखकाने टिकविला तरच टिकतो, आणि ब्लॉगमुळे धंदा वाचतो असेही नाही. सन मायक्रोसिस्टिम्स ही कंपनी २०१० साली ओरॅकल या कंपनीने विकत घेतली.

खबर वेळेवर पोहोचल्याने बाजारात काय घडते, याचे उदाहरण मात्र माळव्याच्या जवळपासच सापडते. आयटीसी या कंपनीने जून २००० मध्ये मध्य प्रदेशातील सोयाबीन पिकविणाऱ्या गावांत ‘ई-चौपाल’ सुरू केले. गावातीलच एका शेतकऱ्याच्या घरी संगणक बसवावयाचा, त्यास ‘संचालक’ म्हणावयाचे आणि त्याच्याद्वारे बाजारभाव, हवामान व लागवडीची माहिती गावकऱ्यांस हिंदीतून द्यावयाची, अशी ही योजना होती. दूरध्वनीच्या तारांवर भरवसा नव्हता म्हणून उपग्रहाची तबकडी आणि विजेवर भरवसा नव्हता म्हणून सौर पट्ट्या व बॅटरी, अशी तयारी करावी लागली. पूर्वी शेतकरी गाडी भरून मंडीत जाई आणि भाव त्यास तेथे गेल्यावर कळे. न पटल्यास भरलेली गाडी परत नेणे परवडत नसे. आता भाव घरून निघण्यापूर्वीच कळू लागला. हा बदल केवळ ऐकीव गोष्टींवरून सांगितला जातो असेही नाही. त्याचा अर्थशास्त्रीय अभ्यास झाला असून, या केंद्रांच्या परिसरातील मंडयांत सोयाबीनच्या सरासरी भावात एक ते तीन टक्क्यांची वाढ झाल्याचे त्यात दिसून आले. विशेष असे की, ज्यांनी आपला माल कंपनीस न विकता मंडीतच नेला, त्यांनाही या वाढीचा लाभ मिळाला.

ई-चौपाल म्हणजे ब्लॉग नव्हे, हे उघड आहे. परंतु त्याची दिशा ब्लॉगचीच होती. कंपनीने लिहावे, गावाने वाचावे. गावास जे ठाऊक होते ते लिहून ठेवण्याची जागा त्यात मुख्यत्वे नव्हती. ती जागा विकीत असते.

विकी : सर्व लिहितात, सर्व दुरुस्त करतात

वॉर्ड कनिंगहॅम या अमेरिकन संगणकतज्ज्ञाने २५ मार्च १९९५ रोजी पहिला विकी खुला केला. संगणकाच्या आज्ञावली लिहिणाऱ्या मंडळींनी आपापले अनुभव एकाच ठिकाणी नोंदवावेत, हा त्याचा हेतू होता. हवाई बेटांच्या भाषेत ‘विकी’ म्हणजे झटपट. होनोलुलूच्या विमानतळावरील ‘विकी विकी’ नावाच्या बसवरून हे नाव त्यास सुचले. याच पद्धतीवर १५ जानेवारी २००१ रोजी विकिपीडिया हा ज्ञानकोश सुरू झाला आणि १ मे २००३ रोजी, म्हणजे महाराष्ट्रदिनी, त्याच्या मराठी आवृत्तीचा आरंभ झाला.

विकीच्या प्रत्येक पानावर ‘संपादन’ अशी खूण असते. ती दाबली की वाचक लेखक होतो. लिहिलेले जतन केले की पान लगेच बदलते. हे ऐकताच अनुभवी माणसाच्या मनात पहिली शंका येते ती अशी की, कोणीही काहीही लिहू लागला तर घोटाळा होणार नाही काय ? त्याचे उत्तर ‘इतिहास’ या दुसऱ्या खुणेत आहे. पानावर कोणी, कोणत्या दिवशी, किती वाजता, कोणता शब्द बदलला हे सर्व तेथे राहते आणि जुनी प्रत पुन्हा आणता येते. कागदाच्या वहीत खाडाखोड संशयास्पद ठरते. येथे खाडाखोडीचीच नोंदवही ठेवलेली असते. व्यापारी संस्थेतील विकी सर्व जगास खुला नसतो, हेही ध्यानात ठेवावे. तो सभासदांपुरता किंवा कर्मचाऱ्यांपुरता ठेवता येतो. विकिपीडिया ज्या मीडियाविकी या प्रणालीवर चालतो, ती विनामूल्य असल्याने कोणत्याही संस्थेस आपल्या संगणकावर बसविता येते.

समजा, गौतमपुऱ्यासारख्या बाजारगावी शेतकऱ्यांची एक उत्पादक कंपनी सोयाबीनचे बियाणे तयार करते. सोयाबीनच्या दाण्याचे टरफल पातळ असते. पोती उंचावरून आदळली तर वरून काही दिसत नाही, पण आतील अंकुर दुखावतो. कोठाराचे काम वर्षानुवर्षे पाहणाऱ्या एखाद्या वयस्क सभासदास हे ठाऊक असते, तसेच थप्पी किती उंच लावावी आणि कोणत्या भिंतीस ओल येते हेही ठाऊक असते. हे ज्ञान त्याच्या डोक्यात आहे, कोठेही लिहिलेले नाही. तो आजारी पडला किंवा मुलाकडे पुण्याला राहावयास गेला, तर कंपनीजवळ कोठार राहते आणि त्याची अक्कल जाते.

आता कंपनीने विकीवर ‘उगवण चाचणी’ असे एक पान उघडले असे धरू. प्रथम कोणी लिहिले की, ओल्या गोणपाटावर शंभर दाणे ओळीने मांडून गुंडाळी करावी, ती ओलसर ठेवावी व काही दिवसांनी सशक्त कोंब मोजावेत. दुसऱ्याने भर घातली की, दाणे निवडून घेऊ नयेत, वेगवेगळ्या पोत्यांतून सरमिसळ घ्यावेत. तिसऱ्याने लिहिले की, सत्तरांहून कमी दाणे उगवल्यास एकरी बियाणे त्या प्रमाणात वाढवावे. एखाद्याने घाईत सत्तरच्या जागी साठ लिहिले, तर कृषी सहायक इतिहासाचे पान पाहून ते सुधारील आणि चूक कोणत्या दिवशी शिरली हेही कळेल. हा आकड्याचा फरक क्षुल्लक नव्हे. उगवण फसली की दुबार पेरणी करावी लागते, आणि कोरडवाहू शेतकऱ्यास दुबार पेरणी म्हणजे काय हे या पत्रिकेच्या वाचकांस सांगावयास नको.

बक्षिसाचा धडा

लिहावयास लोक तयार होतील काय, ही खरी अडचण आहे. यासंबंधी इन्फोसिस या कंपनीचा अनुभव उद्बोधक आहे. १९८१ साली पुण्यात स्थापन झालेली ही कंपनी १९८३ मध्ये बंगळूरला गेली आणि आज तिचे एक केंद्र इंदूरच्या सुपर कॉरिडॉरवरही आहे. एका प्रकल्पावरील अभियंत्यास जे सापडले ते दुसऱ्या शहरातील अभियंत्यास पुन्हा शोधावे लागू नये, यासाठी या शतकाच्या आरंभी तिने ‘के-शॉप’ नावाचे अंतर्गत ज्ञानभांडार उभारले. ते सर्वस्वी विकी नव्हते, पण हेतू तोच होता. लिहिणाऱ्यास व वाचून उपयोग करणाऱ्यास गुण मिळत आणि त्या गुणांचे मोल वस्तुरूपाने पदरात पडे. परिणाम असा झाला की लेखांचा पूर आला. त्यात कामाचे लेख होतेच, परंतु गुणांसाठी लिहिलेलेही पुष्कळ होते. तपासणारे थकले, हवे ते शोधणे कठीण झाले. तेव्हा कंपनीने रीत बदलली आणि किती लिहिले याऐवजी लिहिलेल्याचा उपयोग किती झाला, यास महत्त्व दिले. रघू गरुड व अरुण कुमारस्वामी या अभ्यासकांनी २००५ साली या सर्व प्रकाराचे विवेचन प्रसिद्ध केले आहे.

शासकीय योजनांत प्रोत्साहनपर बक्षिसे ठेवणाऱ्या आम्हां मंडळींनी हे विवेचन एकदा तरी डोळ्यांखालून घालावे, असे मला वाटते. उद्दिष्टाचा आकडा ठरला की आकडा पूर्ण होतो. कामाचे काय झाले ते मागाहून पाहावे लागते.

मोबदल्यापेक्षा निरनिराळ्या जबाबदाऱ्या नेमून देणे अधिक उपयोगी पडते. प्रत्येक पानाचा एक राखणदार असावा. त्याने स्वतः सर्व लिहिण्याची गरज नाही, परंतु हंगामापूर्वी पान वाचून जुने झालेले काढून टाकावे. एका कार्यालयात माझ्या पाहण्यात आलेला प्रकार सांगण्याजोगा आहे. एक परिपत्रक अधिक्रमित होऊन दीड वर्ष लोटले होते, तरी टेबलाच्या काचेखाली जुन्याचीच छायाप्रत होती आणि येणाऱ्या शेतकऱ्यांकडून रद्द झालेला दाखला मागितला जात होता. कोणाचाही हेतू वाईट नव्हता. नवे परिपत्रक फाइलीत नीट लावलेले होते. सामाईक पान असते तर काचेखाली ठेवण्यास काही उरलेच नसते. तथापि, राखणदार नसलेला विकी त्या काचेहूनही घातक, कारण काचेखालचा कागद निदान पिवळा पडतो. विकीचे शिळे पान ताज्यासारखेच दिसते.

काय लिहू नये, हेही आरंभीच ठरवावे. सभासदांचे आधार क्रमांक, बँक खाती, कर्जाची थकबाकी या गोष्टी सामाईक पानावर येता कामा नयेत. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणासाठी २०२३ साली केंद्राचा स्वतंत्र कायदा झाला आहे. भाव ठरविण्याची अंतर्गत चर्चाही खुल्या ब्लॉगवर मांडू नये. प्रतिस्पर्धी व्यापारीसुद्धा वाचक असतो.

ज्यांना हात बसवून पाहावयाचा आहे, त्यांना प्रथम स्वतःची प्रणाली उभारण्याची आवश्यकता नाही. मराठी विकिपीडियावर सरावासाठी एक पान मुद्दाम ठेवलेले असून त्याचे नाव ‘धूळपाटी’ असे आहे. पूर्वी मुले धूळपाटीवर अक्षरे गिरवीत आणि पुसून टाकीत, तसेच येथे लिहावे व पुसावे. शिक्षकांनी शाळेच्या संगणकावर एका तासात सातवी-आठवीच्या मुलांकडून हे करवून घ्यावे : एकाने गावच्या आठवडी बाजाराविषयी दोन वाक्ये लिहावीत, दुसऱ्याने त्यांतील चूक दुरुस्त करावी, आणि तिसऱ्याने इतिहासाचे पान उघडून कोणी काय बदलले ते वर्गास वाचून दाखवावे.